हरवला, चोरला की लुटला? एकाच मोबाइलची पाच कलमे

मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. पाळणे, खेळण्यांची दुकाने, खाद्यपदार्थांचे गाडे आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. त्या गर्दीत समजा एकाच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल गेला. तो पोलीस ठाणे गाठतो. समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो : हरवला की चोरीला गेला? गोंधळलेला माणूस म्हणतो, ‘काय सांगू साहेब, खिशात होता बघा, आता नाही.’ मग कागदावर ‘गहाळ’ असे लिहिले जाते, शिक्का बसतो, त्या कागदावर नवे सिमकार्ड मिळते आणि प्रकरण संपते.

ते संपते, कारण वस्तू गहाळ होणे हा गुन्हाच नाही. गुन्हा नाही म्हणून तपास नाही, तपास नाही म्हणून चोर नाही, आणि शहराच्या वार्षिक आकडेवारीत ती चोरीही नाही. खिसा कापणाऱ्याला यापेक्षा सोयीचा शब्द मराठीत सापडणार नाही.

बोलताना ‘चोरी झाली’, ‘लुटले’, ‘दरोडा पडला’, ‘गंडवले’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. कायद्यात तसे चालत नाही. तिथे प्रत्येक शब्दाची व्याख्या आहे आणि व्याख्येत बसणाऱ्या घटना फिर्यादीत लिहिलेल्या असाव्या लागतात. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. ‘चारसोबीस’ ही शिवी म्हणून राहिली असली तरी फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. व्याख्या मात्र बहुतांश जुन्याच आहेत आणि जिथे बदलल्या तिथे सामान्य तक्रारदाराने थांबून वाचावे असे बरेच आहे. एकाच मोबाइलसाठी आरोपीला समाजसेवेपासून जन्मठेपेपर्यंत कुठलीही शिक्षा होऊ शकते. मोबाइल तोच असतो, तो कसा गेला यावर कलम ठरते.

चोरी कशाला म्हणायचे?

संहितेच्या कलम ३०३ मधली व्याख्या पाच गोष्टी मागते. वस्तू जंगम हवी. ती कुणाच्या तरी ताब्यात असावी. ताबा असणाऱ्याची संमती नसावी. घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा. आणि त्या हेतूने वस्तू जागची हलवलेली असावी. यातली एकही गोष्ट कमी पडली तर दुसरा गुन्हा होईल किंवा कुठलाच होणार नाही, पण चोरी होणार नाही.

व्याख्येत ‘ताबा’ हा शब्द आहे, ‘मालकी’ नाही. मित्राचा मोबाइल आपल्या खिशातून गेला तर फिर्याद आपण देऊ शकतो. मालक कोण हा प्रश्न आड येत नाही. उलट मालकसुद्धा स्वतःच्या वस्तूचा चोर ठरू शकतो. दुरुस्तीला दिलेला मोबाइल, दुकानदाराने मजुरीपोटी अडवून ठेवलेला, पैसे बुडवण्यासाठी मालकानेच गुपचूप उचलून नेला तर ती चोरी आहे. हे ऐकून पुष्कळांना हसू येते, पण अशा प्रकारचे उदाहरण थेट कायद्याच्या मजकुरातच दिलेले आहे.

‘हलवणे’ म्हणजे पळवून नेणेही नव्हे. एसटीतल्या रॅकवरची पिशवी चोरण्याच्या इराद्याने वीतभर सरकवली आणि तेवढ्यात कंडक्टरने हात धरला, तरी चोरी पूर्ण झालेली असते. खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला तर तो चोरीचा प्रयत्न. रिकाम्या खिशाने खिसेकापू निर्दोष ठरत नाही.

‘परत देणारच होतो’ हा बचावही फारसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये के. एन. मेहरा खटल्यात हे स्पष्ट केले. हवाई दलाच्या जोधपूरच्या प्रबोधिनीतल्या प्रशिक्षणार्थीने परवानगीशिवाय विमान उडवले आणि ते पाकिस्तानात जाऊन उतरले. विमान कायमचे लाटायचे नव्हते हे मान्य केले तरी तात्पुरते घेणेही चोरीत मोडते, असे न्यायालयाने ठरवले. प्यारेलाल भार्गव खटल्यात तर सरकारी फाइल कार्यालयाबाहेर नेऊन लगेच परत आणून ठेवली होती. तीही चोरीच ठरली.

सोलापूर जिल्ह्याला जवळचे उदाहरण वाळूचे आहे. जमीन आणि जमिनीला चिकटलेल्या वस्तू जंगम नाहीत, त्यामुळे नदीच्या पात्रातली वाळू पात्रात असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही. फावडे लागले, वाळू उचलली गेली, की त्याच क्षणी ती जंगम होते. भीमेच्या आणि सीनेच्या काठच्या गावांत वाळूच्या टिपरवर महसूल खात्याचा दंड तेवढा होतो, असा समज बरीच वर्षे होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली राज्य विरुद्ध संजय या खटल्यात सांगितले की, खाणकाम कायद्याची कारवाई असली तरी चोरीचा गुन्हा वेगळा दाखल होऊ शकतो. त्यामुळे ‘दंड भरला, विषय संपला’ हे कायद्याला धरून नाही.

पाच हजारांची रेषा

आता नव्या संहितेने चोरीच्या मधोमध जी रेषा आखली तिच्याकडे वळू. चोरीची नेहमीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनपगारी. कल्पना चांगली आहे. दुकानातून बिस्किटाचे पुडे उचलणाऱ्या पोराला सराईतांच्या बराकीत ढकलून कुणाचेच भले होत नाही.

गोम शिक्षेत नाही. ती जोडीच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे. जुन्या कायद्यात चोरी शंभर रुपयांची असली तरी दखलपात्र होती. अदखलपात्र म्हणजे ठाण्याच्या भाषेत ‘एनसी’. नोंद होते, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितले जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही.

इथे कायद्याची घडी विस्कटते. समाजसेवेची सवलत पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला आहे. पण चोर कोण हेच ठाऊक नसताना तो नवखा की सराईत हे कळणार कसे? ते तपासातून कळते आणि तपासाचीच वाट अडवलेली. सवलत आरोपीला द्यायची होती, तिची किंमत तक्रारदाराच्या माथी आली. सोलापुरात विड्या वळून संसार चालवणाऱ्या बाईचा साडेचार हजारांचा मोबाइल हा तिचा बचत गटाचा हिशेब असतो, लेकराची ऑनलाइन शाळा असते, बँकेचा ओटीपी असतो. तो गेला तर एनसी. ऐंशी हजारांचा मोबाइल गेला तर एफआयआर. कायदेमंडळाला असा भेद करायचा नसेल, पण अनुसूचीच्या एका ओळीने तो झाला आहे आणि तो दुरुस्त करायला एक ओळच पुरेशी आहे.

किंमत खरेदीची धरायची की आजची, हे व्याख्येत सांगितलेले नाही. म्हणून बिल जवळ असेल तर ते फिर्यादीला जोडावे आणि सोबत गेलेल्या वस्तूही लिहाव्यात. पाकिटातली रोकड, कानातले इअरफोन, सगळे धरून किंमत होते. पाच हजारांपलीकडे जाण्यासाठी आकडा फुगवणे मात्र अंगाशी येऊ शकते. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ही रेषा सगळीकडे लागत नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. कलम ३०५ मध्ये घरातली चोरी, प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनातून वस्तूची चोरी, प्रार्थनास्थळातल्या मूर्तीची चोरी आणि सरकारी मालमत्तेची चोरी एकत्र बांधली आहे. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, गुन्हा दखलपात्र आहे आणि मालाच्या किमतीची अट नाही. म्हणजे तोच साडेचार हजारांचा मोबाइल बाजारातल्या गर्दीत गेला तर एनसी, पण पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत, मोहोळच्या पुढे डुलकी लागली असताना पिशवीतून गेला तर थेट कलम ३०५ मध्ये बसण्याजोगा गुन्हा. त्यासाठी तो बसमध्ये गेला, बसमधून उतरल्यावर नव्हे, हे फिर्यादीत यायला हवे. ‘प्रवासात कुठेतरी पडला असेल’ असे मोघम लिहिले की सगळे मुसळ केरात.

हिसकावला की लुटला?

सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र दुचाकीवरून येऊन ओढून नेणे, हा प्रकार शहरांना नवा नाही. जुन्या कायद्यात त्याला स्वतंत्र नाव नव्हते. पोलीस कधी साधी चोरी लावत, कधी जबरी चोरी. नव्या संहितेने कलम ३०४ मध्ये हिसकावण्याची व्याख्या केली : चोरीसाठी अचानक, झटकन किंवा जोर लावून एखाद्याकडून वस्तू खेचून घेणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

नाव मिळाले, पण शिक्षेत साध्या चोरीपेक्षा फारसे वाढले नाही. चोरीत कैद किंवा दंड असा पर्याय न्यायालयापुढे असतो, इथे दोन्ही आहेत, एवढाच फरक. उलट एक धोका वाढला. पूर्वी अशा प्रकारात जबरी चोरीचे कलम लागले तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा समोर असायची. आता हाताशी तयार ‘हिसकावणे’ असताना जबरी चोरीपर्यंत जाण्याचे कष्ट कोण घेणार?

ते घ्यायला हवेत, कारण दोन्हींतली सीमा स्पष्ट आहे. चोरी करताना, चोरीसाठी किंवा माल घेऊन पळताना त्याच कामासाठी कुणाला दुखापत केली, अडवून धरले किंवा तत्काळ जिवाची अथवा दुखापतीची भीती घातली, की कलम ३०९ खाली जबरी चोरी होते. साखळी ओढताना मान कापली, बाई फरफटत गेली, मोबाइल सोडेना म्हणून हाताला चावा घेतला, तर त्या घटना फिर्यादीत आणि दवाखान्याच्या कागदावर आल्याच पाहिजेत. मानेवरचा वळ दोन दिवसांत निवळतो. तो कागदावर नसेल तर न्यायालयापुढे तो नव्हताच.

यातले ‘त्याच कामासाठी’ हे शब्द आरोपीच्या बाजूनेही चालतात. चोराने माल तिथेच टाकला आणि नुसते सुटून जाण्यासाठी पाठलाग करणाऱ्यांवर दगड फेकले, तर दुखापतीचा गुन्हा होईल, जबरी चोरी होईलच असे नाही.

जबरी चोरीच्या कलमात एक जुनी ओळ अजून जिवंत आहे. गुन्हा महामार्गावर आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाला असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. कंदील घेऊन बैलगाड्यांचे तांडे जात त्या काळातली ही तरतूद, पण पुणे–हैदराबाद महामार्गावर रात्री ढाब्याजवळ ट्रक लावून झोपलेल्या चालकाला ती आजही लागू आहे. फिर्यादीत वेळ ‘पहाटे’ अशी लिहायची की ‘पाच वाजून दहा मिनिटांनी’, याला म्हणून किंमत आहे.

स्वतःच्या हाताने दिले तर?

वस्तू स्वतः काढून दिली तर चोरी होत नाही, कारण वरवर का होईना संमती आहे. मग ती संमती कशी मिळवली हे पाहतात. भीती दाखवून मिळवली तर खंडणी, कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. भीती समोर उभे राहून आणि तत्काळ इजेची असेल तर ती खंडणी जबरी चोरीत बदलते. फोनवरून ‘पैसे दे नाहीतर दुकान जाळतो’ ही खंडणी. दुकानात येऊन कोयता काढून गल्ला रिकामा करून घेतला तर जबरी चोरी.

खोटे सांगून मिळवली तर फसवणूक. बनावट लिंक, वीजबिल थकल्याचा मेसेज, पोलिसाच्या वेशातला व्हिडीओ कॉल करून ‘डिजिटल अरेस्ट’, हे सगळे मुळात फसवणुकीचे प्रकार. शेवटच्यात धमकीही असल्याने खंडणीचे कलमही बसू शकते. अशा वेळी ठाण्याच्या आधी १९३० या हेल्पलाइनला फोन करावा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. सोलापूरकरांना १९३० हा आकडा मार्शल लॉचा म्हणून पाठ आहे, तेव्हा लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये.

विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचे गणित आणखी वेगळे. यंत्रमागवाल्याला चादरी विणायला सूत दिले आणि त्याने ते बाजारात विकले, तर ही चोरी नाही, विश्वासघात आहे. कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत. मात्र कारखान्यातल्या पगारी नोकराने मालकाच्या ताब्यातले सूत उचलले तर ती नोकराने केलेली चोरी, कलम ३०६, सात वर्षांपर्यंत. सूत एकच, पण ते कुणाच्या ताब्यात होते यावर कलम फिरते.

आणि यात्रेत खरोखरच कुणाचा मोबाइल पडला, तो तिसऱ्याला सापडला आणि त्याने सिम काढून तो वापरायला घेतला तर? अप्रामाणिक अपहार, कलम ३१४. नव्या संहितेत किमान सहा महिन्यांची कैद आहे. साधी चोरी करणाऱ्याला किमान शिक्षा नाही, सापडलेली वस्तू पचवणाऱ्याला आहे, असा हा काहीसा अजब हिशेब. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेला जुना मोबाइल, तो चोरीचा असावा असे वाटण्याजोगे कारण असताना घेणाऱ्यालाही कलम ३१७ आहे.

पाचवा माणूस

वर्तमानपत्रांनी, खरे तर सगळ्याच माध्यमांनी, ‘दरोडा’ हा शब्द इतका सैल वापरला आहे की ‘दोघांनी टाकला दरोडा’ असेही मथळे छापून येतात. कायद्याने ते अशक्य आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला तरच तो कलम ३१० खाली दरोडा. चार जणांनी बंगला धुवून नेला, घरच्यांना बांधून ठेवले, तरी ती जबरी चोरी. घर बंद असताना कुलूप तोडून पाच काय, दहा जण शिरले आणि कुणाला धक्का लागला नाही, तर ती घरफोडी आणि चोरी.

मोजणीत आत गेलेलेच धरत नाहीत. बाहेर गाडी चालू ठेवून मदतीला थांबलेला, गल्लीच्या तोंडावर नजर ठेवणारा, हेही आकड्यात येतात. पाचवा माणूस मोजला गेला की शिक्षा दहा वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत जाते. दरोड्यात एकाने खून केला तर सगळ्यांवर फाशीपर्यंतची टांगती तलवार असते. म्हणून फिर्याद देताना ‘बरेच जण होते’ असे म्हणून भागत नाही. किती दिसले, किती आवाज ऐकू आले, गाडीत कोण बसून होते, हे आठवून सांगावे लागते. आठवत नसेल तर तसेच सांगावे. अंदाजाने लिहिलेला ‘पाच’ उलटतपासणीत ‘तीन-चार असतील’ झाला की खटल्याचा पायाच हलतो.

न झालेल्या दरोड्याचे आरोपी

‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ ही बातमी मराठी वाचकाला पाठ आहे. अंधारात दबा धरून बसलेले पाच-सहा जण, त्यांच्याकडे कोयता, कटावणी, नायलॉनची दोरी आणि मिरचीची पूड. मिरचीची पूड तर बहुधा असतेच.

फौजदारी कायद्यात सहसा गुन्ह्याची नुसती तयारी गुन्हा ठरत नाही; प्रयत्नापासून गुन्हा सुरू होतो. दरोडा हा त्याला मोजक्या अपवादांपैकी एक. तयारीला दहा वर्षांपर्यंत, आणि दरोड्यासाठी नुसते जमण्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दरोडा पडल्यावर धावण्यापेक्षा आधीच रोखावा, हा विचार रास्त आहे. पण अशा खटल्यात लुटले गेलेले घर नसते, जखमी माणूस नसतो, चोरीचा माल नसतो. सगळी मदार आरोपींच्या मनात काय होते यावर आणि ते सांगणाऱ्या पोलीस पंचनाम्यावर. म्हणूनच इथे न्यायालये पुराव्याकडे अधिक बारकाईने पाहतात. आणि म्हणूनच, कुणाला पकडायचे हे कृतीवरून ठरले की माणसाच्या जातीवरून, हा प्रश्न इथे सर्वांत आधी उभा राहतो.

सोलापूरला या प्रश्नाचा इतिहास शोधायला पुस्तकात जावे लागत नाही. शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आहे. दंड संहिता १८६० ची. कोणता गुन्हा केला हे पाहून शिक्षा देणारी. तिच्यानंतर अकराच वर्षांनी, १८७१ मध्ये, ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात कृतीची गरजच ठेवली नाही. सरकारने जमात जाहीर केली की तिच्यात जन्मलेला प्रत्येक जण संशयित. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात पोहोचला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिथे हजेरी होती, बाहेर जायला परवानगी लागे आणि तिथले हात गिरण्यांच्या कामाला जात. चोरीच्या व्याख्येतल्या पाच गोष्टी कुणी त्यांना लावून पाहिल्या नाहीत. जन्माचा दाखला पुरेसा होता.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, राजपारधी यांच्यासोबत भामटा हेही नाव आहे. ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ असा मथळा देताना आपण एका समाजाचे नाव गुन्ह्याच्या नावासारखे वापरत आहोत, याची जाणीव वृत्तपत्रांच्या संपादन विभागांत क्वचितच दिसते.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद रद्द केला. त्याच निकालात विमुक्त जमातींच्या लोकांची मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी अटकेबाबतच्या आधीच्या मार्गदर्शक सूचना पाळाव्यात, असेही बजावले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले.

ठाण्यात गेल्यावर

फिर्याद देणाऱ्याने कलम सांगायची गरज नाही, ते पोलिसांचे काम आहे. त्याने घटना सांगायच्या : वस्तू शेवटची कुठे आणि किती वाजता हातात होती, कशी गेली, धक्का, धाक, दुखापत काय झाली, किती जण होते, गाडी कोणती. वस्तू पडली नाही, कुणीतरी काढून घेतली, असे वाटण्यामागे कारण असेल, जसे की खिशाची चेन उघडी होती, पिशवीला ब्लेड मारलेले होते, तर ते सांगून ‘गहाळ’ या शब्दाला तिथेच हरकत घ्यावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये घटनापीठाने सांगितले आहे. नव्या संहितेने त्याला एक खिडकी ठेवली : तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी आणि हिसकावणे या खिडकीत येतात. बसमधली चोरी, घरातली चोरी आणि जबरी चोरी येत नाहीत.

हद्दीचे कारण देऊन परत पाठवता येत नाही. मोबाइल टेंभुर्णीजवळ गेला आणि लक्षात सोलापूर स्टँडवर आले, तरी सोलापुरातल्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ होतो. ऑनलाइनही माहिती देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंद घेतलीच नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयाकडे, आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक खोक्यावर असतो. आजच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो दुसरीकडे लिहून ठेवला तर ‘संचार साथी’वर हँडसेट बंद करून घेताना शोधाशोध होत नाही.

सही करण्याआधी जबाब वाचायला मागावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. आरोपीच्या रकान्यात ‘अनोळखी इसम’ असे येईल. त्याखाली उंची, अंगकाठी, कपड्यांचा रंग, बोलण्याची भाषा, गाडीचे दिसलेले आकडे लिहावेत. कुणी ‘अमक्या समाजाचे वाटत होते का?’ असे विचारले, तर तसे काही दिसले नाही, जे दिसले तेवढेच लिहा, असे सांगता येते.